घारवालीचा सिनेमा आणि माझी जाऊ

आमच्या घरात चित्रकथा आल्या त्या चूल पेटवायला. हे मी कुणाला सांगितलं की वाटतं म्हातारी गंमत करते आहे. पण खरं तेच आहे, आणि गंमत असलीच तर ती माझ्या पदरची नाही.

आमचे मालक नांदुऱ्याच्या स्टेशनवर पुस्तकांच्या ठेल्यावर कामाला होते. मुंबईकडून नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या थांबल्या की खिडक्यांतून हात बाहेर यायचे, कुणाला वर्तमानपत्र, कुणाला मासिक, पोरांना चित्रकथा. जे विकलं गेलं ते गेलं. जे उरायचं ते परत पाठवायचं, पण अख्खं नाही हो. वरचं कव्हर तेवढं फाडायचं, त्या कव्हरांची गड्डी बांधायची आणि तीच पाठवून द्यायची. म्हणजे माल विकला नाही याचा पुरावाही झाला आणि सगळं ओझं परत पाठवायचं भाडंही वाचलं. आतला भाग राहायचा तो रद्दी. ती रद्दी हे काखेत मारून घरी आणायचे, आणि मी ती चुलीपाशी कोनाड्यात रचून ठेवायची. गोवरीला आधी कागद लागतोच.

तर एका सकाळी मी कागद चुरगाळला आणि काडी ओढणार, तेवढ्यात त्या चुरगाळलेल्या कागदातून एक बाई माझ्याकडे बघत होती. तोंडाला अर्धं फडकं बांधलेलं, हातात लांब काठी, आणि खांद्यावर घार. कोंबडी नाही, पोपट नाही, घार. मी कागद पुन्हा सरळ केला. त्या दिवशी चहा उशिरा झाला आणि सासूबाईंनी ते बरेच दिवस लक्षात ठेवलं.

मी शाळेत गेले ती पाचवीपर्यंत. लग्न झाल्यावर हातात छापील असं काही यायचं ते किराण्याच्या पुडीचा कागद. साखर डब्यात ओतायची आणि कागद वाचायचा, तोही कुठे अर्ध्यात फाटलेला. मला आज जे काही लिहिता-वाचता येतं, हिंदी येतं, दोन वाक्यं एकापुढे एक ठेवता येतात, ते त्या चुलीपाशीच्या रद्दीनं शिकवलं. त्या चित्रकथा हिंदीत असायच्या. बोलणाऱ्याच्या तोंडापाशी ढगासारखा फुगा, त्यात अक्षरं. अक्षर अडलं तर चित्र सांगायचं, चित्र अडलं तर अक्षर. असा मास्तर मला शाळेत मिळाला नव्हता.

मग माझी जाऊ घरात आली. सातपुड्याच्या पायथ्याकडची, जळगाव जामोदच्या पलीकडच्या एका लहान गावची. शाळेचा उंबरा तिनं पाहिलेला नव्हता. कामाला वाघीण. पण दुपारची भांडी झाली की माझ्या शेजारी येऊन बसायची आणि माझ्या हातातल्या पानावर बोट ठेवायची.

“बाई, हे पाखरूवाली काय म्हनून राह्यली?”

मी थोरली म्हणून ती मला बाई म्हणते, अजूनही. मी तिला सांगायला लागले आणि ते सांगणं पुढे आमच्या आयुष्याचं एक कामच होऊन बसलं. त्या बाईचं पुस्तकातलं नाव भलतंच जड होतं, जावेच्या जिभेवर ते चढेना. तिनंच तिचं नाव घारवाली ठेवलं. पुस्तकात घारवाली म्हणायची, “रुक जा, पापी!” मी वाचायची, “थांब बे, पयतं कुठी?” जाऊ मान डोलवायची. तिच्या लेखी घारवाली आमच्याच भागातली होती, आमच्यासारखंच बोलणारी, आणि मला तिचा हा समज मोडायला काहीच कारण नव्हतं. मलाही ती तशीच बरी वाटायची.

आणि एक सांगते. चित्रकथेत दोन चौकटींच्या मध्ये एक पांढरी पट्टी असते. एका चौकटीत घारवाली नदीच्या अलीकडे, दुसऱ्या चौकटीत पलीकडे. मध्ये काय झालं? पुस्तक काही सांगत नाही. पण जाऊ विचारायची, “मंग?” आणि मला सांगावं लागायचं. पाणी कुठवर होतं, काठी कशी रोवली, घार आधी उडून पलीकडच्या बाभळीवर कशी बसली. ते सगळं झालं की जावेचा एक प्रश्न ठरलेला. “जेवली का नाई थे?” कितीही घाईचा प्रसंग असो, दुष्टांचा अड्डा पेटलेला असो, घारवाली जेवली की नाही हे कळल्याशिवाय पान उलटायचं नाही. मग मी त्या पांढऱ्या पट्टीत तिला भाकर खाऊ घालायची, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि पुढे जायची.

असे दिवस गेले. मुलं मोठी झाली, ठेला बंद झाला, गॅस आला, रद्दी आली तरी ती मोजून विकायची झाली. हे गेले. धाकटे दीर शेतावरच जास्त राहू लागले. आमचं घर एकच पण मधे अंगण, एका बाजूला मी, मुलगा, सून; दुसऱ्या बाजूला जाऊ. चित्रकथांचा विषय निघायचा तो जुन्या माणसांसारखा, कुठे असतील बिचाऱ्या असा.

सुनेनं मला तिचा जुना मोबाईल दिला तेव्हा देव्हाऱ्यातली आरती लावून दिली आणि म्हणाली, आई, आता तुम्ही ऐकत बसा. सून धाड गावची, बोलण्यात थोडी जालन्याकडची लकब, स्वभावानं सरळ. मी आरती ऐकली. मग कुठे बोट लागलं कुणास ठाऊक, आणि समोर आलं एका जुन्या चित्रकथेचं कव्हर.

कव्हर, हो. आम्ही जन्मभर कधी न पाहिलेलं. कुणी एक माणूस जुन्या चित्रकथा जमवतो आणि त्यांचे फोटो टाकतो, कडेला वाळवी लागलेली असली तरी टाकतो. मी जावेला हाक मारली. आतली पानं दोन रंगांचीच असायची, निळसर न् तांबूस. कव्हरवर घारवाली पुऱ्या रंगात होती. तोंडाचं फडकं पिवळंजर्द. जाऊ बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, “कव्हरवाल्यानं चुकीचा रंग देला. मोरपंखी हाये तिचं फडकं.”

मी म्हटलं, अगं ज्यांनी काढली त्यांनाच माहीत असेल ना. ती म्हणाली, त्यायले काय माहीत, त्यायनं काय तिचं फडकं धुतलं का कधी.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की ओट्यावर आमची बैठक. मोबाईल मी धरायचा, चष्मा मी लावायचा, बोट ती ठेवायची. हळूहळू आमच्या आवडीची माणसं ठरली. त्यांची नावं मला माहीत आहेत पण इथे कशाला. एक तो कव्हरांवाला. एक मुलगी आहे, ती मोठमोठ्या वीरांच्या घरचं स्वयंपाकघर काढते. म्हणजे वीर उडून आला, दुष्टाला मारून आला, आणि आता त्याचे ते चिखलाचे कपडे कुणी धुवायचे, यावर तिची चित्रं. जावेला ती फार आवडते. आणि एक आहे जो नुसत्या काळ्या शाईत काढतो. तो घारवाली काढतो, पण म्हातारी. केस पिकलेले, गुडघा धरून उठणारी, घार तिच्या अंगणात दोरीवर बसलेली, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मध्ये. त्याच्या चित्रात फुगे नसतात. मला अक्षर वाचायचं काही नसायचंच, तरी आम्ही दोघी एकेका चित्रावर दुपार काढायचो.

आमच्याकडे रीत आहे, शेजारणीनं वाटीतून काही दिलं तर वाटी रिकामी परत करायची नाही. निदान चिमूटभर साखर तरी. जाऊ म्हणाली, बाई, आपुन यायचं फुकट पाहून राह्यलो. म्हणून मी लिहायला लागले. सून म्हणायची, नुसतं ते हृदयाचं चित्र दाबलं तरी चालतं. ते मी दाबतेच, पण ती काय साखर झाली का? मी प्रत्येक चित्राखाली लिहायची, चित्रात काय आवडलं, जाऊ काय म्हणाली, आमच्याकडे आज काय भाजी होती. लोक खाली ‘आजी’ म्हणून उत्तर द्यायचे. शाईवाल्यानं एकदा लिहिलं की तुमच्या जाऊबाईंना विचारा, पुढच्या चित्रात म्हातारीनं काय करावं. जाऊ म्हणाली, बसू दे म्हना तिले जराशी. आणि त्यानं खरंच तिला बसवली. पायरीवर, पाय पसरून. जाऊ दोन दिवस त्या चित्रावरून हलली नाही.

अशात बातमी आली की घारवालीवर सिनेमा निघतो आहे.

मोठा सिनेमा, मोठी नटी. जाहिरातीत घार सगळ्या पडद्याला व्यापून पंख पसरायची. आम्ही ती जाहिरात किती वेळा पाहिली ते सुनेला विचारा. तो लागला तेव्हा आम्ही तिघी बसनं खामगावला गेलो. जाऊ लग्नाकार्यातलं जांभळं लुगडं नेसली होती. सुनेनं विचारलं, काकू, सिनेमाला एवढं? तर म्हणाली, माहेरच्या मानसाले भेटाले चाललो न.

आता सिनेमाचं काय सांगू. मी पदर सावरून, पाय जवळ घेऊन, अगदी श्वास धरून बसले होते. आणि माझं मन हळूहळू खाली खाली जात राहिलं. आमची घारवाली फार बोलायची नाही, फुग्यात चार शब्द असले तर पुष्कळ. ही भाषण करायची. प्रत्येक मारामारीच्या आधी एक, नंतर एक. तिला एक मेलेला नवरा दिला होता, त्याच्यासाठी ती सूड घेत होती; जणू बाईनं कुणाला वाचवायचं तर आधी तिच्या घरचं कुणी मेलं पाहिजे. मध्येच एक नायक आला, तो कुठून आला ते कळलं नाही, आणि तो आल्यावर घारवाली मागे उभी राहायला लागली. घार यंत्रावर काढलेली, पिसाला पीस लागत नव्हतं. इमारती पडत होत्या. पडू द्या, पण एक पडली की लगेच दुसरी. कुठे थांबायला जागाच नाही. ती पांढरी पट्टीच नव्हती हो कुठे. मी मध्ये काय सांगणार? सगळं त्यांनीच सांगून टाकलं होतं, तेही ओरडून.

मी बाहेर आले ती बोलतच आले. बसस्टँडवर बोलले, बसमध्ये बोलले. पुढच्या बाकावरचा एक माणूस तिकीट काढता काढता माझ्याशी सहमत झाला, त्यानं तर सिनेमा पाहिलेलाही नव्हता. आमच्या घारवालीची माती केली, मी म्हणत होते. पैसा आहे, यंत्रं आहेत, आणि एवढं साधं कळू नये की ती कशी उभी राहते.

जाऊ खिडकीपाशी होती. नांदुऱ्याचं वळण आलं तेव्हा ती म्हणाली,

“मले त लय आवडला.”

मी थांबले. म्हटलं, काय आवडलं तुला त्यात?

“आजवर तुमच्या तोंडून आयकलं. आज थे सोताच बोलली. मले कोनाले इचारा नाई लागलं.”

एवढंच. रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. लुगड्याच्या पदराशी खेळत, समाधानानं म्हणाली. पण मला ते असं लागलं की घरी येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. सुनेला वाटलं मला बस लागली, तिनं लिंबू दिलं.

इतकी वर्षं मी वाचत आले, आणि हिला ते ओझं होतं का? माझ्या तोंडाकडे बघत बसणं ही लाचारी होती का हिची? असं सगळं डोक्यात फिरायला लागलं. आणि खरं सांगायचं तर त्याच्याही खाली दुसरं एक होतं. त्या भाषणबाज नटीसाठी हिनं मला सोडलं, असं मला वाटत होतं. म्हातारपणी माणूस कशाचं वाईट वाटून घेईल सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर बसले. ती आली नाही. मीही हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी मी आतच बसले. मग तेच चालू झालं. भांडण असं नव्हतंच, म्हणून मिटवायलाही काही नव्हतं. वाट्या मात्र अंगणातून जात-येत होत्या. तिच्याकडून पातोड्याची भाजी आली, मी वाटीत गूळ घालून परत केला. माझ्याकडून शिरा गेला, वाटी शेंगदाणे घेऊन आली. पण न्यायच्या-आणायच्या सुनेनं. जाऊ विचारायची, त्यायचा गुडघा कसा हाये म्हना. मी सांगायची, तिला सांग, बरा आहे. एकदा सून मधल्या अंगणात उभी राहून म्हणाली, “तुम्ही दोघींनी मला पोस्टमन करून टाकलं. पगार तरी द्या.” आम्ही दोघी आपापल्या दारातून हसलो, पण एकमेकींकडे बघून नाही.

मी मोबाईल घेऊन एकटी बसायची. कव्हरांवाला नवी कव्हरं टाकत होता. स्वयंपाकघरवालीनं एक फार झकास काढलं होतं, वीराच्या आईनं त्याचा झगा पोछा म्हणून वापरायला घेतलेला. मी हृदय दाबलं. खाली काही लिहिलं नाही. काय लिहिणार, जाऊ काय म्हणाली ते लिहायची सवय. चित्र तेच, ओटा तोच, पण बोट ठेवायला कुणी नसलं की चित्र पटकन संपतं. बघितलं की झालं.

त्यापेक्षा सिनेमाला शिव्या घालणं सोपं होतं. शाईवाल्याच्या पानावर त्या सिनेमावरून चर्चा पेटली होती. मी तिथे लांबलचक लिहिलं. बसमध्ये जे बोलले ते सगळं, आणखी वर फोडणी घालून. काय लोक आले हो माझ्या बाजूनं! आजी अगदी बरोबर, आजी मनातलं बोललात. पुण्याचे, कोल्हापूरचे, कुठले कुठले. मला बरं वाटलं, नाही कशाला म्हणू. एवढ्या माणसांना जे कळतं ते हिला कळू नये, असंही मनात येऊन गेलं.

मग एकानं लिहिलं. अगदी सभ्यपणे, नमस्कार आजी म्हणून. तुमच्यासारखे वाचणारे लोक होते म्हणून चित्रकथा जगल्या, असं. आणि पुढे, हे सिनेमे काढतातच मुळी ज्यांना अक्षरओळख नाही अशा लोकांसाठी, त्यांना आवाज आणि उजेड दिला की पुरतं.

मी ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्याच्याखाली लोकांनी हृदयं दाबली होती. मी अंगणापलीकडे पाहिलं. जाऊ दारात बसून लसूण सोलत होती, पायावर पाय टाकून, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत.

मी उत्तर लिहायला घेतलं. मी लिहिलं, बापू, तू ज्यांच्याविषयी म्हणतोस त्यातली एक माझ्या समोर बसली आहे. तिला अक्षर येत नाही. पण आमच्या घरात घारवाली इतकी वर्षं राहिली ती तिच्यामुळे, माझ्यामुळे नाही. मी फक्त वाचत होते. ती जेवली का हे विचारणारी ही होती. तिनं घारवालीला एकही दिवस उपाशी झोपू दिलं नाही. तिला सिनेमा आवडला. मला नाही आवडला. आणि तुला माझ्या बाजूनं बोलायचं असेल तर असं बोलू नको.

ते पाठवून दिलं आणि मग चर्चेत वर जाऊन माझंच लिहिलेलं पुन्हा वाचलं. त्या माणसानं जे म्हटलं ते माझ्या लिहिण्यात नव्हतं. पण तो तिथे येऊन आरामात बसला होता, म्हणजे त्याला बसायला जागा मीच झाडून दिली होती. मी मोबाईल पालथा ठेवला. वाटलं, उठावं आणि जावं. पण इतके आठवडे न गेल्यावर अंगण ओलांडणं म्हणजे नदी ओलांडणं, तिथे काय म्हणायचं तेच सुचेना. चुकलं म्हणावं तर काय चुकलं? सिनेमा चांगला होता असं तर मी मेले तरी म्हणणार नव्हते.

रविवारी दुपारी तिच्याकडून ढोल वाजायला लागले. तेच ढोल, सिनेमाच्या सुरुवातीचे. घारवाली टीव्हीवर लागली होती. सून म्हणाली, “आई, काकू एकट्याच बघत आहेत.” आणि धुणं वाळत घालायला निघून गेली. तिनं तेवढंच सांगितलं, पण सुनेचं तेवढंच पुष्कळ असतं.

मी गेले. हातात काही तरी असावं म्हणून निवडायची तूरडाळ सुपात घेतली.

जाऊ खाली बसली होती, पाठ माझ्याकडे. वळली नाही. म्हणाली, “चप्पल बाहीर काढा, आत्ताच पुसलं.”

मी चप्पल काढली. तिच्याजवळ बसले. ती थोडी सरकली आणि सुपात हात घालून खडे बघायला लागली, जणू मी कालच येऊन गेले होते. पडद्यावर घारवालीचं पहिलं भाषण चालू होतं. मंत्र्याच्या कचेरीत उभी राहून ती काहीतरी नियतीविषयी, न्यायाविषयी, इतिहासाविषयी बोलत होती. जड जड हिंदी, त्यात इंग्रजीची पखरण. माझ्या नाकातून आपोआप फूं झालं.

“तुमाले नसन समजून राह्यलं त मी सांगतो,” जाऊ म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती.

“थे म्हनून राह्यली का, साहेब, आमच्या तिकडची ईर कोल्डी पडली. मी लांबून आली. घारीनं सकायपासून पानी नाई पेलं. तुमी खुर्चीवर बसून काय करून राह्यले, चाला पाहाले.”

पडद्यावर नटी मूठ वळून म्हणत होती की तिच्या पतीच्या रक्ताचा हिशेब होईल. विहिरीचा तिथे पत्ता नव्हता.

“असं म्हन्ते थे?” मी विचारलं. इतक्या दिवसांत सुनेमार्फत न पाठवलेलं माझं पहिलं वाक्य ते.

“म्हनूनच राह्यली न. आयका.”

मला हिंदी येतं. खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी तिथेच धरून ठेवलं. कारण मला आत्ता कळत होतं की खामगावच्या त्या अंधारात हिनं काय पाहिलं होतं. त्या नटीचं बोलणं हिला अर्धं कळलं असेल, तेही नाही. जे कळलं नाही तिथे हिनं स्वतः भरलं होतं. मला जिथे बोट शिरवायला फट सापडली नाही, तिथे हिला पांढरी पट्टीच पट्टी होती, अख्खा सिनेमाभर. आणि त्यासाठी हिला कुणाला विचारावं लागलं नव्हतं. बसमध्ये ती खरं तेच बोलली होती.

मी डाळ निवडत राहिले. ती सांगत राहिली. मेलेला नवरा तिनं सांगितला नाहीच. पडद्यावरच्या फोटोतला तो माणूस तिच्या लेखी घारवालीचा भाऊ होता आणि कुठेतरी सुरतेला कामाला गेला होता, फोन करत नव्हता म्हणून ही काळजीत होती. इमारत पडली तेव्हा म्हणाली, पाहा, आधी सगळ्यायले बाहेर काढलं तिनं, मंगच पाडली. नायक आला. मी मुद्दाम विचारलं, आता हा कोण?

“कोन जाने बाप्पा. रस्ता चुकला असन. थे त्याले म्हन्ते, उभा राह्य बाजूले, कामात कामात कायले येतं.”

मला हसू आवरेना. सूप कलंडलं, डाळ फरशीवर पसरली. ती म्हणाली, “काय बाई तुमी, एवढं निवडेल होतं.” आणि आम्ही दोघी गुडघ्यांवर होऊन डाळ गोळा करायला लागलो, ती एक डोळा पडद्यावर ठेवून.

सिनेमा मला अजूनही आवडत नाही. ती घार बघून तर मला आजही कसंतरी होतं. मी तिला तसं सांगितलंही, तिथेच, डाळ गोळा करता करता. ती म्हणाली, “नसू द्या आवडत.” पुढे काही नाही. मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, “तुमी सांगता तशी हे बोलत नाई, मले बी माहीत हाये. पन तुमच्या घशाले बी आराम पायजे का नाई?”

मी ओंजळीतली डाळ सुपात टाकली.

तेवढ्यात जाहिराती लागल्या. ती चहा टाकायला उठली. आत भांड्याचा आवाज झाला, दूध काढल्याचा, मग आलं ठेचल्याचा. पडद्यावर कुणीतरी दात घासत होतं. मी पाय पसरून भिंतीला टेकून बसले.

“बाई,” ती आतून म्हणाली, “लागला का?”

म्हटलं, नाही अजून.

“लागला त पाहून ठेवजा. काय झालं थे मी येऊन सांगतो तुमाले.”